पर्यटनाचा हिशेब

मध्यंतरी भिलाईजवळच्या उतईत एका स्नेह्यांकडे जाणे झाले. ते पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. तेव्हापासून या परिसरातील अनेक मराठी घरांत नोकरी म्हणजे कारखाना, हे समीकरण रुजले आहे. बारावी झालेल्या त्यांच्या मुलीला मात्र पर्यटन व्यवस्थापन शिकायचे होते. "फिरण्याचं कसलं शिक्षण?" असा वडिलांचा प्रश्न. निवाडा माझ्यावर आला.

मला माझीच एक चूक आठवली. सेवेच्या आरंभीच्या काळात एका डोंगराळ तालुक्यात मी बारा खोल्यांचे पर्यटक निवास बांधून घेतले. जागा रम्य, इमारत देखणी, निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडलेला. येणार कोण, राहणार किती दिवस, पावसाळ्यात पगार कोठून निघणार, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. दोन वर्षांत दाराला कुलूप लागले. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही, कारण खर्च नियमानुसारच झाला होता.

आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. चार खोल्या भरोत की बारा, पहारेकऱ्याचा पगार तोच. हा साधा व्यापारी विचार आम्हांला कोणी शिकवला नव्हता. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि ग्वाल्हेरला मुख्यालय असलेल्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेत बारावीनंतर बी.बी.ए. करता येते. छत्तीसगडला अशा माणसांची गरज आहे. सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर, चित्रकोटचा धबधबा, बिंबाजी भोसल्यांचे रतनपूर आहेच. बस्तरमधील धुडमारास हे गाव तर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमासाठी निवडले. स्थळे आहेत, हिशेब मांडणारे कमी आहेत.

मुलीलाही सांगितले, की फिरण्याची आवड असणारा पर्यटक होतो, व्यावसायिक नव्हे. लोक दिवाळीच्या सुटीत फिरतील, तेव्हा तू कामावर असशील.

तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "काका, तुमच्या त्या निवासात एका खोलीचं भाडं किती होतं? आणि खर्च निघायला रोज किती खोल्या भरायला हव्या होत्या?"

पहिले उत्तर मला आठवत होते. दुसरे तेव्हाही ठाऊक नव्हते.

"हिला प्रवेश घेऊ द्या," मी वडिलांना म्हणालो.