निळं आंतरदेशीय

पोस्टात अडीच रुपयांना मिळणारं हे निळं आंतरदेशीय पत्र. घडी घातली की तेच पाकीट होतं. आत दुसरं काही घालायला पोस्टाचीच मनाई, म्हणून तुरुंगाच्या दारात त्याचा कुणाला संशय येत नाही. जाड पाकिटात नोट आहे की पुडी, हे चाचपावं लागतं. याच्यात लपवायला जागाच नाही.

नांदेड-लातूरकडचा माणूस खटला चालू असेपर्यंत बहुधा जिल्हा कारागृहात असतो, तोवर घरच्यांना भेट जमते. मोठी शिक्षा लागली की त्याला हर्सूलच्या नाहीतर येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात हलवतात. नांदेडहून हर्सूल म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं, तरी तिचा रोज बुडतोच. अशा घरातून मग हे निळं निघतं.

पत्त्याच्या बाबतीत ते फार काटेकोर. घरात बाळू असेल, गावात अप्पा असेल; पत्त्यावर कोर्टाच्या कागदातलंच पूर्ण नाव लागतं, बापाच्या नावासकट. खाली बंदी क्रमांक, मग ‘मार्फत अधीक्षक’, कारागृहाचं नाव, पिन कोड. कारण एका नावाचे दोघे-तिघे आत असू शकतात. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता हवाच.

पत्र आत गेल्यावर ते आधी अधिकारी उघडतो आणि वाचतो. खुणेची भाषा किंवा धमकी दिसली तर अडवतो. हे आईला ठाऊक असतं. म्हणून खटल्याचं, साक्षीदाराचं ती काही सांगत नाही. ‘सोयाबीन काढलं. म्हस व्याली. तुझ्या लेकीला पाचवीत घातलं.’ परक्या नजरेखालून जायचं म्हणून रडणं गाळलेलं असतं. पण आईचं सांगणं लिहून घेणारी तीच लेक असते. दर पत्रात तिचं अक्षर थोडं सुधारतं, आणि तिचं वाढणं बापाला अक्षरावरूनच कळत जातं. ते कोणत्या अधिकाऱ्याला अडवता येणार?

मला हे पत्र भेटीइतकंच मोलाचं वाटतं. अंदमानात सावरकरांना वर्षाकाठी एकच पत्र लिहिता येई. तेवढ्यात सगळं घर मावायचं. पुढे स्वतंत्र देशात प्रभाकर संझगिरी नावाचे गृहस्थ स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. छापण्यासाठी ते हस्तलिखित पत्नीकडे पाठवायला सरकारनं नकार दिला. 1965 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: नियमात जी मनाई नाही, ती सरकारला मनानं घालता येणार नाही. मराठी माणसाच्या एका बाडामुळे हे ठरलं, आणि बंद्याच्या कागदाला कायद्याचा आधार मिळाला.

आता तुरुंगात फोन आहेत, व्हिडिओवरची भेटही आहे. पण बोलणं ठरल्या वेळेत संपतं. निळं उशाला राहतं, पुन्हा काढून वाचता येतं.

तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, तर त्याचा बंदी क्रमांक घरच्यांकडून किंवा वकिलाकडून मागून घ्या. म्हाताऱ्या आईला लिहिता येत नसेल, तर शेजारी बसून तिच्या शब्दांत लिहून द्या, आणि ते पोस्टात टाकायला उशीर करू नका.