वीरगंजचा मितेरी पूल

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कर्मभूमी एक्सप्रेस जिथे आपला प्रवास संपवते, ते रक्सौल हे बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यातील सीमेवरचे शहर. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच टांगेवाल्यांच्या आणि ई-रिक्षावाल्यांच्या हाका कानी पडतात. ‘वीरगंज, वीरगंज!’ परदेशी जाण्याचा हा पुकारा शेजारच्या आळीत जाण्याइतका सहज असतो. रेल्वे फाटकाशी खोळंबलेल्या मालमोटारी, कापडाच्या व किराण्याच्या दुकानांतील नेपाळी गिऱ्हाइके आणि दोन चलनांत होणारा हिशेब पाहिला, की या गावाचे पोट कशावर चालते हे निराळे सांगावे लागत नाही.

पुढे सिरसिया नावाची लहानशी नदी लागते. तिच्यावरील पुलाला भारतात मैत्री पूल आणि नेपाळात मितेरी पूल म्हणतात. ‘मीत’ लावणे ही नेपाळी समाजातील जुनी रीत आहे. रक्ताचे नाते नसलेली दोन माणसे विधिपूर्वक एकमेकांची मीत होतात आणि ते नाते जन्मभर पाळतात. पूल ओलांडला की समोर शंकराचार्य द्वार उभे राहते आणि घड्याळ पंधरा मिनिटांनी पुढे जाते. रक्सौलमध्ये दहा वाजले असतील, तर वीरगंजमध्ये सव्वादहा झालेले असतात. भारतीय वा नेपाळी माणसाला येथे पारपत्र लागत नाही, व्हिसाही लागत नाही. सरकारी व्यवहार विक्रम संवताने चालतो. त्याचे नवे वर्ष दिवाळीला न येता वैशाखात, एप्रिलच्या मध्यास सुरू होते; आर्थिक वर्ष मात्र जुलैच्या मध्यास, श्रावणाच्या पहिल्या दिवशी बदलते. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरातील माणसाला हा फरक गमतीचा वाटेल. पुलाच्या दोन्ही तीरांवर दुकान असणाऱ्याला मात्र त्यासाठी दोन वह्या ठेवाव्या लागतात.

वीरगंज हे नाव राणा घराण्यातील पंतप्रधान वीर शमशेर यांच्यावरून पडले. त्याआधीच या भागाचे भवितव्य रक्सौलच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरवरील सुगौली या गावी ठरले होते. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातील युद्धानंतर 1816 साली तेथील तह अमलात आला आणि सीमेची आखणी झाली. रेषा कागदावर उमटली, तरी तिच्या दोन्ही अंगांची भोजपुरी बोली, छठपूजा आणि लग्नसंबंध होते तसेच राहिले. येथील लोक या संबंधाला ‘रोटी-बेटीचे नाते’ म्हणतात. मराठी माणसालाही रोटी-बेटी व्यवहार म्हणजे काय, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या वाटेशी जैन स्मृतीही निगडित आहे. श्वेतांबर परंपरेनुसार पाटलीपुत्रात आगमांची वाचना भरली, तेव्हा आचार्य भद्रबाहू नेपाळात महाप्राण ध्यानाची साधना करीत होते. पूर्वांचे ज्ञान त्यांच्याकडून मिळावे म्हणून संघाने स्थूलभद्रांसह साधूंना तिकडे पाठविले. ज्या दिशेने ज्ञानासाठी साधू चालत गेले, त्या दिशेने शतकांनंतर व्यापारी गेले. राजस्थानातून निघालेल्या मारवाडी कुटुंबांनी नेपाळच्या तराईत पेढ्या घातल्या आणि त्यांत जैन घराणीही होती. तराईतील विराटनगर येथे 2015 साली तेरापंथाचे आचार्य महाश्रमण यांचा चातुर्मास झाला. त्याच वर्षी या सीमेवर जे घडले, ते पुढे येईलच.

वीरगंजचे महत्त्व त्याच्या भूगोलात आहे. नेपाळला समुद्र नाही. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या तीन दिशांना भारत आणि उत्तरेस हिमालयापलीकडे चीन. वीरगंजहून कोलकाता बंदर सुमारे 700 किलोमीटरवर आहे; चीनचे तियानजिन बंदर तीन हजार किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये तिबेटचे पठार. म्हणून काठमांडूचा माल पूर्वापार याच दाराने येत आला. 1927 साली रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. त्यापुढे डोंगरात ओझी हमालांच्या पाठीवर चढत. राणांच्या मोटारीसुद्धा माणसांनी खांद्यावरून काठमांडूत नेल्या. भारताच्या साह्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ 1956 साली पूर्ण झाला, तेव्हा कोठे राजधानीला मोटाररस्ता मिळाला. पुढे 2004 साली वीरगंजजवळ सिरसिया येथे रेल्वेने जोडलेले कोरडे बंदर सुरू झाले आणि कोलकात्यात जहाजावरून उतरलेले कंटेनर थेट येथवर येऊ लागले. 2018 साली वीरगंजची एकात्मिक तपासणी चौकीही उघडली.

चलनाचा संबंधही असाच घट्ट आहे. 1993 पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर अढळ राहिला आहे. बाजारात एकाला ‘भारू’ आणि दुसऱ्याला ‘नेरू’ म्हणतात. नेपाळच्या एकूण परदेशी व्यापारापैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यापार एकट्या भारताशी होतो. एका गिऱ्हाइकावर किंवा एका पुरवठादारावर एवढा भार असणे म्हणजे काय, हे कोणत्याही व्यापारी घराला ठाऊक असते. त्यात सोय मोठी असते आणि धोकाही तेवढाच.

हा धोका दोनदा उघडा पडला. भारत आणि नेपाळ यांच्यातील व्यापाराचे आणि पारगमनाचे, म्हणजे एका देशाचा माल दुसऱ्या देशातून नेण्याचे, करार मार्च 1989 मध्ये संपुष्टात आले. दोन्ही विषयांचा करार एकच असावा की वेगवेगळे, हा वाद होता. नेपाळने चीनकडून केलेल्या शस्त्रखरेदीची नाराजीही त्यामागे होती. करारांचे नूतनीकरण झाले नाही आणि सीमेवरील 21 व्यापारी नाक्यांपैकी 19 बंद झाली. रॉकेल आणि मीठ यांची टंचाई झाली, जळणासाठी जंगलांवर कुऱ्हाड पडली. 1990 च्या मध्यास व्यवहार पूर्ववत झाले, पण आठवण राहिली.

दुसरा प्रसंग 2015 चा. एप्रिलमधील भूकंपाने नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली होती. 20 सप्टेंबरला नवे संविधान जाहीर झाले. प्रांतांच्या सीमा, मतदारसंघांची रचना आणि नागरिकत्व या बाबतींत आपल्यावर अन्याय झाला, अशी तराईतील मधेशी समाजाची भावना होती. आंदोलनात अनेकांचे प्राण गेले. वीरगंजचे आंदोलक मितेरी पुलावर बांबू आणि मंडप टाकून बसले आणि मालमोटारी थांबल्या. नेपाळ सरकारने याला भारताची अघोषित नाकेबंदी म्हटले. आम्ही काही रोखलेले नाही, अडथळा नेपाळच्या हद्दीत आहे, अशी भारताची भूमिका होती. काठमांडूच्या गृहिणीला मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत चूल थांबवता येत नव्हती. गॅसचे सिलिंडर अर्धेच भरून वाटले गेले, पेट्रोलपंपांवर दिवसदिवस रांगा लागल्या, औषधे दुर्मिळ झाली. भूकंपात घर गमावलेली माणसे तो हिवाळा ताडपत्रीखाली काढीत होती.

नुकसान एकाच तीरावर झाले नाही. रक्सौलचा बाजार नेपाळी गिऱ्हाइकावर जगतो. तो ओस पडला. वाटेत अडकलेल्या मालावर व्याज चढत राहिले. साडेचार महिन्यांनंतर, फेब्रुवारी 2016 मध्ये, पुलावरचे मंडप आणि बांबू हटविण्यास जे पुढे आले त्यांत दोन्ही बाजूंचे व्यापारी आणि रहिवासी होते. दोन्ही राजधान्यांमध्ये जो तिढा सुटत नव्हता, त्याची गाठ पुलाच्या दोन टोकांच्या शेजाऱ्यांनी सैल केली.

पूल मोकळा झाला, म्हणून हिशेब मात्र मिटला नाही. दरवर्षी वेळेवर माल देणाऱ्या पेढीने ऐन अडचणीच्या दिवसांत हात आखडता घेतला, तर गिऱ्हाईक तिला सोडून जात नाही; कारण जवळ दुसरी पेढी नसते. पण त्या दिवसापासून ते दुसरे दुकान शोधू लागते. तेथे भाव चढा असला, वाट लांब असली, तरी खाते उघडून ठेवते. नेपाळने नेमके हेच केले. टंचाईच्या दिवसांत चीनने 13 लाख लिटर इंधन भेट म्हणून दिले. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला आणि 2019 च्या नियमावलीने तियानजिनसह चीनची चार सागरी बंदरे नेपाळला कागदोपत्री खुली झाली. प्रत्यक्षात समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचा मोठा भाग आजही कोलकाता आणि हल्दिया येथूनच येतो, कारण अंतराचे गणित कोणत्याही कराराने बदलत नाही. तरीही दुसरे खाते उघडले गेले, ही गोष्ट उरतेच.

भारतालाही याची जाणीव झाली असावी. 10 सप्टेंबर 2019 रोजी मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंतची 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. दक्षिण आशियात दोन देशांना जोडणारी पेट्रोलियम पदार्थांची ही पहिलीच वाहिनी. एके काळी जेथवर छोटी रेल्वे जात असे, त्याच गावी आता डिझेल जमिनीखालून पोहोचते. टँकरांच्या रांगेचा आणि वाटेतील गळतीचा खर्च वाचतो. 2023 साली पारगमनाचा करारही नव्याने झाला आणि त्यात जलमार्गांची भर पडली. विश्वास एकदा डगमगला, की तो बोलण्याने परत येत नाही. वेळेवर पोहोचणाऱ्या मालानेच हळूहळू येतो.

वीरगंजहून पथलैयाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा कारखाने आहेत. त्यांत खाद्यतेलाच्या शुद्धीकरणाची गोष्ट व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. नेपाळात पामची लागवड नाही आणि सोयाबीनही गरजेपुरते पिकत नाही. कच्चे तेल दूरदेशांहून आणायचे, येथे शुद्ध करायचे आणि दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या सवलतीने जकातीविना भारतात पाठवायचे, असा हा उद्योग. जानेवारी 2020 मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले आणि नेपाळची ती निर्यात कोसळली. सप्टेंबर 2024 मध्ये भारताने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढविले, तेव्हा करमुक्त सोयाबीन तेलाचा ओघ एकदम फुगला आणि भारतीय गिरणीमालक तक्रार करू लागले. दिल्लीतील एका अधिसूचनेवर येथील धुराडे पेटते वा विझते. अशा नफ्यावर घर चालते. पिढ्या उभ्या करता येत नाहीत. आणि याच कारखान्यांचे सांडपाणी सिरसियात मिसळून काळे होऊन रक्सौलच्या घाटावर येते, तेव्हा तक्रारीची पाळी भारतीय शेजाऱ्याची असते.

खुल्या सीमेला एक काळी बाजूही आहे. पायवाटांनी, शेतांच्या बांधांवरून माल चोरून जातो. त्याला आळा घालण्यासाठी नेपाळने 2023 साली शंभर रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालावर भन्सार, म्हणजे जकात, घेण्याचा नियम काटेकोरपणे लागू केला. त्याची झळ रक्सौलहून साडी किंवा घरचा किराणा आणणाऱ्या बाईला बसली, तेव्हा तराईत मोठी नाराजी पसरली. मोठा चोर शेतातून जातो आणि पुलावर पिशवी मात्र गरिबाची उघडली जाते, ही तक्रार जुनीच आहे.

जैन श्रावकाचारात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला दिसतो. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ यांच्या जोडीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही दोष गणला आहे. राज्याराज्यांतील बंधने मोडून व्यापार करणे, चोरवाटेने नफा कमावणे, हे श्रावकाच्या व्रताला लागलेले दूषण मानले गेले. दोन राज्यांच्या सीमेवर बसून व्यापार करणारी माणसे तेव्हाही होती आणि मोहही हाच होता, एवढे त्यावरून नक्की कळते. सीमेवरच्या पेढीला दोन राजांचे कायदे पाळावे लागतात. ते पाळणारी पेढीच दोन्ही राजांपुढे ताठ मानेने उभी राहू शकते.

संध्याकाळी पुलावरची वर्दळ वाढते. वीरगंजच्या शाळेतून, कारखान्यांतून, दवाखान्यांतून माणसे परततात. कोणी रक्सौलच्या सासरहून माहेरी निघालेली असते. टांग्यातले प्रवासी एका देशात बोलायला सुरुवात करतात आणि तेच वाक्य दुसऱ्या देशात पूर्ण करतात. उद्या सकाळी दार उघडे असेल, असे गृहीत धरूनच प्रत्येकाने आजचा सौदा केलेला असतो. दुकानदाराने उधारी लिहिली, मजुराने फेरी ठरवली, बापाने मुलगी पलीकडे दिली, ती याच भरवशावर.

शंकराचार्य द्वारातून बाहेर पडणाऱ्याचे घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटे मागे येते. मागे राहिलेल्या पुलाला कोणी ‘मितेरी’ हे नाव दिले, त्याने ते विचारपूर्वक दिले असावे. जन्माने मिळालेला शेजारी बदलता येत नाही. मीत मात्र व्हावे लागते आणि ते नाते रोज पाळावे लागते.