एकवीस दिवसांचं रेशन

बेनीत इबोलाच्या यादीत नाव लागलं की एकवीस दिवस घरी बसायचं. रुग्णाला हात लावलेला, त्याचं अंथरूण धुतलेला, त्याच्या मयताला आंघोळ घातलेला असा प्रत्येक जण ‘संपर्क’. रोज कुणीतरी दारात येऊन ताप बघणार आणि संपर्कानं गाव सोडायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण काँगोच्या पूर्वेला, उत्तर कीवू प्रांतातल्या या शहरात घरी बसून खाणारे फार थोडे. संध्याकाळी चुलीवर काय चढणार, ते सकाळी शेतावर कोण गेलं त्यावर ठरतं.

मी तिथं पोचले २०१९ मध्ये. साथ १ ऑगस्ट २०१८ ला जाहीर झाली होती, बेनीजवळच्या मांगिना गावात. माझं काम पोषणाचं. त्याआधी नंदुरबारच्या धडगाव भागात पाड्यापाड्यांवर मुलांचे दंड मोजत फिरले होते. तीच लाल-पिवळी-हिरवी पट्टी इथंही हातात आली, ११.५ सेंटिमीटरच्या खाली घेर भरला की लाल. वेगळी होती ती जमीन. आपल्याकडची उपासमार डोळ्यांना कळते, विहीर आटलेली असते, रान करपलेलं असतं. बेनीच्या भोवती मात्र नजर जाईल तिथवर कोको, कॉफी, केळी, कसावा. एवढ्या हिरव्या मुलखात लाल पट्टी भरणारी पोरं कशी, हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात माझ्या दुभाषी बाईंना विचारला. त्यांनी जंगलाकडे हात केला. “पीक आहे, ताई. आणायला कोण जाणार?” (मला ‘ताई’ म्हणायचं मीच त्यांना शिकवलं होतं.)

ऑक्टोबर २०१४ पासून त्या पट्ट्यात कत्तली चालू होत्या. ठपका मुख्यतः एडीएफ या मूळच्या युगांडातल्या सशस्त्र गटावर. शेतावर गेलेली माणसं कोयत्यानं, कुऱ्हाडीनं मारली जात, काहींना पळवून नेऊन ओझी वाहायला लावत. त्यामुळे शहरालगतच्या वाफ्यांत लेंगालेंगा, म्हणजे आपला माठ, तेवढा हाती लागायचा. दोन-तीन तासांच्या वाटेवरचा कसावा जमिनीतच राहायचा, नाहीतर दुसरंच कुणी उपटून न्यायचं. एखादी बाई जीव मुठीत धरून जायचीही. ती गेली आणि आमचा ताप बघणारा दारातून परत फिरला की कागदावर नोंद पडे: ‘संपर्क बेपत्ता’. त्या शब्दांत जणू तिनं पळ काढला होता. ती गेली होती वांगी आणि शेंगा आणायला.

म्हणून रेशन. जागतिक अन्न कार्यक्रम संपर्कातल्या कुटुंबांना धान्य देत असे. मक्याचं पीठ, घेवड्यासारखं कडधान्य, तेल, मीठ. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा या पोत्यानं माणसं घरी थांबली, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण त्या पोत्यानं गल्लीत भांडणंही लावली. एकाच कुडाला टेकून दोन घरं. एकात रुग्ण निघालेला, दुसऱ्यात सहा उपाशी तोंडं. पहिल्याला पीठ, दुसऱ्याला काही नाही. आजार नाही म्हणून उपाशी राहायचं का, असं लोक आम्हाला तोंडावर विचारत. काही जण आपलं नाव यादीत घाला म्हणून मागे लागत. काही जण उलट, पोती दारात उतरवू नका म्हणून हात जोडत, कारण गाडी थांबली की अख्ख्या गल्लीला कळायचं. आणि सगळ्यांचा मिळून एक संशय होता, तो मला अगदी रास्त वाटायचा. पाच वर्षं आम्ही मरत होतो तेव्हा एवढ्या गाड्या कुठं होत्या?

रेशन विकलं जातंय, अशी ओरड बैठकांत नेहमी व्हायची. एकदा अशाच एका ‘विकणाऱ्या’ बाईच्या स्वयंपाकघरात मी बराच वेळ बसले. उकळत्या पाण्यात तिनं पीठ सोडलं, लाकडी दांड्यानं दोन्ही हातांनी घोटत राहिली, भांडं पायाच्या अंगठ्यानं घट्ट धरलेलं. नुसत्या मक्याचा फुफू तिच्या घरात कुणाला चालत नव्हता, गोळ्याला हवा तसा चिकटपणा येत नाही म्हणे. तेव्हा तिनं थोडं मक्याचं पीठ शेजारी विकून कसाव्याचं पीठ घेतलं होतं, उरलेल्या पैशांत साबण. हा भ्रष्टाचार असेल तर आपल्याकडची निम्मी रेशनकार्डं रद्द करावी लागतील.

उपचार केंद्राला लागून तान्ह्यांचं एक पाळणाघर होतं. आईला इबोला झाला की तिचं दूध बंद, कारण विषाणू दुधात उतरतो. बाळ निरोगी दिसलं तरी एकवीस दिवस त्याला कुणी घरी न्यायला धजत नसे. ती बाळं सांभाळायच्या इबोलातून बऱ्या झालेल्या बायका. शरीरात प्रतिकारशक्ती आलेली, त्यामुळे त्या पोराला बिनधास्त कुशीत घ्यायच्या. तयार दुधाच्या सीलबंद बाटल्या लागायच्या, पाण्यात पावडर कालवायचा धोका तिथं कुणाला नको होता. एखादा काळा दिवस उजाडून रस्ता बंद झाला की माझा पहिला हिशेब त्या बाटल्यांचा असे.

आणि गोवर. इबोलाच्या नावानं जगभरातून पैसा आला, लस आली. त्याच काळात काँगोत गोवरानं सहा हजारांहून जास्त माणसं नेली, त्यातली बहुतेक लहान मुलं. इबोलाचे बळी साथ संपेपर्यंत २,२८७ झाले. अंगात जीव नसलेल्या पोराला गोवर काय करतो, हे धडगावच्या कुठल्याही अंगणवाडीताईला सांगावं लागत नाही. पण गोवराच्या घराला ना यादी, ना पोतं.

३० ऑक्टोबर २०१९ ला काँगोच्या सैन्यानं एडीएफविरुद्ध मोहीम काढली. त्याचा सूड खेड्यांवर आणि शहराच्या कडेवर निघाला. लोक चिडले. दर हत्याकांडानंतर शहर बंद ठेवायची तिथं रीतच पडली होती. दुकानं बंद, बाजार बंद, मोटारसायकलीही बंद. २५ नोव्हेंबरला जमावानं नगरपालिकेची इमारत जाळली, संयुक्त राष्ट्रांच्या तळावर चाल केली. आमच्यापैकी बऱ्याच जणांना गोमा शहरात हलवलं. तिथून मी दुभाषी बाईंना फोन लावायची. ताप बघायला कुणी फिरकत नव्हतं, रेशनची गाडी आली नव्हती, आणि यादीतली कुटुंबं बोचकी बांधून मिळेल त्या वाटेनं निघाली होती. विषाणूसाठी याहून चांगली सोय कुणी केली नसती. त्यांच्या स्वतःच्या घरी काय शिजतंय, हे विचारलं की बाई विषय बदलायच्या.

२५ जून २०२० ला साथ संपल्याचं जाहीर झालं तेव्हा मी नाशिकला घरात अडकले होते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात काँगोत २ कोटी १८ लाख लोक तीव्र अन्नटंचाईत असल्याचा अंदाज आला. बाईंचा आवाजी संदेश मात्र त्याआधीचा आहे. इबोलाची कार्यालयं आवरली जात होती, त्यांचं दुभाष्याचं काम सुटलं होतं, शेतावर अजून जाता येत नव्हतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की हा जो नवा कोविड आलाय, त्यात संपर्कातल्या घरांना पीठ मिळणार आहे का, आणि मिळणार असेल तर यादी कोण करतंय.