कानाखाली आवाज

आपल्या मराठीत कानाची काही धडगत नाही. कोणी तो उपटतो, कोणी पिळतो, कोणी ‘कानाखाली आवाज काढीन’ म्हणतो. ऐकणाऱ्यांना गंमत वाटते. पुढे काय होते, ते मी मामेभावाच्या बाबतीत पाहिले.

तो आठवीत होता. वर्गात गुरुजींची थप्पड डाव्या कानावर बसली. कानात गुणगुण सुरू झाली, ऐकू कमी येऊ लागले. आजीने मायेने लसूण घालून कढवलेले खोबरेल कानात सोडले. आठवड्याने पू आला, तेव्हा मामा त्याला घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडे आले. मीही सोबत गेलो.

पडद्याला भोक पडले होते. पंजा कानावर घट्ट बसला की आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. त्याची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर! मग डॉक्टरांनी नादकाटा वाजवून भावाच्या कपाळावर टेकवला. “कुठल्या कानात मोठं ऐकू येतं?” “डाव्या.” मामा बुचकळ्यात पडले. दुखऱ्या कानात मोठे कसे? डॉक्टर मात्र निश्चिंत झाले. पडदा किंवा त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही चिमुकली हाडे बिघडली, तर कवटीतून गेलेला नाद दुखऱ्या कानातच मोठा वाटतो. अंतर्कर्णाला इजा असती, तर तो चांगल्या कानात मोठा वाटला असता. आणि तिथल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत.

“मामा, कान कोरडा ठेवला असतात तर पडदा बहुधा आपोआप मिटला असता,” डॉक्टर म्हणाले. असे बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत भरतात. तेल नको, पाणी नको, नाक जोराने शिंकरणे नको. नाहीच भरला, तर कानाजवळच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून ठिगळ लावतात. पडदा भरूनही ऐकू येईना, तर हाडांची साखळी निखळली आहे का ते पाहतात. भावाचा पडदा शस्त्रक्रियेवाचून मिटला. मात्र आधी पू थांबवावा लागला.

परंतु आंब्यावरून किंवा मोटारसायकलवरून पडल्यावर कानातून रक्त वा स्वच्छ पाणी आले, तोंड वाकडे झाले, गरगरू लागले किंवा एकाएकी ऐकू येईना, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली. आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील. मित्रहो, तेव्हा हात आवरूच. तो वाक्प्रचारही आजपासून जरा जपून वापरू या.