रिपोर्टातला आकडा



माती परीक्षणाचा कागद घेऊन मी गेली तीस वर्षे बांधाबांधावर हिंडलो. "स्फुरद कमी निघालं, म्हणजे पीक बुडालं का साहेब?" असे कुणी विचारले की मी सांगे, "अहो, हा कागद नशीब सांगत नाही. काय करायचं ते सांगतो." हे शहाणपण मी स्वतःच्या घरी मात्र विसरलो.

कुंभारीला माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, शेती करतात. जन्मभर तंबाखू-चुना. गालात जखम झाली, ती भरेना. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले. पुतण्याने रिपोर्ट उलगडला : न्यूट्रोफिल ८०, लिम्फोसाइट १६. भागाकार केला, पाच आले. हा आकडा मोठा असला की रोगी टिकत नाही, असे त्याने कुठेतरी वाचले होते. घर गप्प झाले. अण्णा म्हणाले, "मग जमीन कशाला मोडता? पोरांना राहू द्या." आणि मी, चार बुके शिकलेला, आठ दिवस काही बोललो नाही.

शेवटी सोलापुरात डॉक्टरांपुढे कागद ठेवला. त्यांनी समजावले ते असे. दोन्ही आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल जंतूंवर आधी धावतात; लिम्फोसाइटपैकी काही कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. निरोगी माणसात हा भागाकार साधारण १ ते ३ असतो. २०१४ साली शंभर अभ्यास एकत्र करून चाळीस हजारांवर रुग्ण पाहिले गेले. ज्यांचा आकडा मोठा, त्यांचे आयुष्य सरासरीने कमी भरले. पण ही सरासरी हजारोंची. एकट्या अण्णांचे काय होईल, ते तिच्यात लिहिलेले नाही. शिवाय दाढ सुजली, ताप आला, स्टिरॉइड घेतले, तरी आकडा चढतो. अण्णांची हिरडी पिकलेली होती! औषधानंतर पुन्हा तपासले तर साडेतीन. फार चांगले नाही, फार वाईटही नाही. गाठ केवढी, मानेत पसरली का, हे पाहूनच शस्त्रक्रिया ठरली, आणि झाली.

उपचार बदलला की सरासरीही बदलते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा एक अभ्यास २०२३ साली छापून आला. तोंड-घशाचा कर्करोग फार पुढे गेलेल्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर प्रतिकारशक्ती जागवणारे निवोलुमॅब हे औषध अगदी थोड्या मात्रेत दिले. वर्षभर जगणारे शेकडा १६ होते, ते ४३ झाले.

तेव्हा मंडळी, रिपोर्ट घरी वाचून निकाल लावू नका. कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "आता करायचं काय?" तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर थांबू नका. आपल्या जिल्ह्यात बार्शीलाच कर्करोगाचे रुग्णालय आहे.

अण्णा तपासणीला वेळेवर जातात. तंबाखूची डबी त्यांनी स्वतःच विहिरीत टाकली. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण ते आठ दिवस मी उगाच घालवले, ही रुखरुख मला आहे. तुम्ही ते घालवू नका.