मोड वाचताना

गेल्या महिन्यात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जाण्याचा योग आला. तेथील एका मशीन शॉपमध्ये माझा एक जुना विद्यार्थी माल तपासण्याचे काम करतो. एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षी, परीक्षा आठ दिवसांवर आली असताना, त्याने शिक्षण सोडले होते. ‘परीक्षेची धास्ती’ असे त्याचे निदान मी तेव्हा करून टाकले होते.

त्याने एक मोडलेला शाफ्ट माझ्या हाती दिला. “सर, हे पण वाचायचंच असतंय की.” मोडीचा बराच भाग गुळगुळीत होता. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा कमानदार रेषा त्यावर होत्या. एक कोपरा मात्र खडबडीत, दाणेदार. रेषांच्या मुळाशी भेगेचा उगम असतो. खडबडीत भाग तेवढा शेवटच्या क्षणी तुटतो.

त्या रात्री जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाविषयी वाचत बसलो. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेल्या त्या बोइंग ७४७ची शेपटी आकाशातच मोडली. तिच्या उभ्या पंखाचा तुकडा सागामीच्या उपसागरात सापडला. चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि सुमारे अर्ध्या तासाने विमान डोंगरावर कोसळले. ५२४ पैकी ५२० माणसे गेली.

तपास मात्र शेपटीपाशी थांबला नाही. शेपटी मोडली ती आतून आलेल्या हवेच्या लोटाने. ती हवा कोंडून धरणारी मागची घुमटाकार भिंत फुटली होती. १९७८ साली ओसाकाला उतरताना शेपटी धावपट्टीवर घासली, तेव्हा निर्मात्या कंपनीनेच ती भिंत दुरुस्त केली होती. जोडपट्टी सलग न बसवता तिचे दोन तुकडे बसवले गेले. रिव्हेटांच्या दोन रांगांनी पेलायचा भार एकाच रांगेवर आला. त्यानंतर बारा हजारांहून अधिक उड्डाणे झाली. प्रत्येक उड्डाणात भिंतीवर ताण येई, उतरताना तो सैल होई, आणि भेग किंचित पुढे सरके. सात वर्षे ती कोणी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून विचारले, “तेव्हा का सोडलंस रे?”

“पहिल्या वर्षीच वडील अंथरुणाला खिळले, सर. तेव्हापासनं रात्रपाळी करत होतो. वर्गात डोळा लागायचा. तुम्ही एकदा उठवलं होतं.”

उठवले होते, हे मला आठवते. का झोपतोस, असे विचारल्याचे मात्र आठवत नाही.