सैल झालेला झगा

प्रवचन करणाऱ्या माणसाला आपलेच शब्द परत केव्हा ऐकावे लागतील, याचा नेम नसतो. २०१९ च्या प्रायश्चित्तकाळात मी खादाडपणाच्या पापावर बोललो होतो. जिभेला लगाम घालण्याऐवजी काही लोक पोटावर शस्त्रक्रिया करून घेतात आणि उपवासातून पळवाट काढतात, असे एक वाक्य भाविकांना हसवण्यासाठी मी त्यात घातले. लोक हसले. तिसऱ्या बाकावरची एक बाई मात्र हसली नाही. तिची तीच शस्त्रक्रिया चार महिन्यांपूर्वी झाली होती, हे मला नंतर कळले. पुढे कित्येक रविवार ती शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जात राहिली.

त्या दिवशी वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूचे वजन ११८ किलो होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. माझी स्थूलता आनुवंशिक आणि दुसऱ्याची मात्र जिभेची, असा माझा सोयीस्कर समज होता. मधुमेह जडला होता. झोपेत श्वास अडकत असे. गुडघा टेकून वंदन केल्यावर वेदीच्या कडेला धरून उठावे लागे. अखेर डॉक्टरांच्या आग्रहावरून २०२२ च्या जानेवारीत मी स्वतःच ती शस्त्रक्रिया करून घेतली.

या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चेतवणारा एक अंतःस्राव मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते. ही पळवाट नव्हे, हे मला पहिल्या आठवड्यातच उमगले. घोटाघोटाने पाणी प्यावे लागले. पुढे प्रथिने मोजून खाणे आले, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर जन्मभराच्या सोबती झाल्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. पुढे ते पुन्हा आले. दीड वर्षात ४१ किलो वजन उतरले. साखर आटोक्यात आली आणि गुडघे पुन्हा प्रार्थनेच्या कामी आले. त्याबद्दल मी परमेश्वराचा ऋणी आहे.

परंतु देह बारीक झाला, तो तरुणपणीचा होऊन परतला नाही. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतील लवचीक तंतू झिजलेले असतात. आतली चरबी गेली तरी त्वचा मागे सरत नाही. व्यायामाने स्नायू बळावतात, रिकामी कातडी मात्र आटत नाही. पोटावर तिची घडी लोंबू लागली. दंड पिशवीसारखे झाले, छाती ओघळली. आमच्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात त्या घड्यांखाली घाम साचून चट्टे उठत. गालांचा भराव गेल्याने चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला. शिंप्याने झगा दोनदा आत घेतला. लोक हळू आवाजात विचारीत, ‘‘फादर, तब्येत बरी आहे ना?’’ कोणीतरी कर्करोगाची वार्ताही पसरवली.

ब्रह्मचारी माणसाचा आरशाशी काय संबंध, असे मी समजत असे. तोच मी आता दिवा मालवून कपडे बदलू लागलो. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही संत पौलाची शिकवण मी लग्नाच्या कितीतरी मिस्सांत समजावून सांगितली होती. आणि माझ्याच मंदिराकडे पाहण्याची मला लाज वाटत होती.

२०२३ च्या आगमनकाळात मी त्या बाईच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिने चहा केला. मी अर्धाच कप घेतला, तसे ती प्रथमच हसली. म्हणाली, ‘‘आता तुम्हांला सांगायला हरकत नाही, फादर. कपड्यांत मी बारीक आहे. कपड्यांखाली काय आहे, ते नवऱ्यालासुद्धा दिसू देत नाही. डॉक्टर म्हणतात, वजन स्थिर आहे, कातडी काढता येईल. पण ही हौस ठरेल का? पाप ठरेल का?’’

या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. घरी येऊन वाचले. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, पोप बारावे पायस यांनी इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले होते. देहाचे सौंदर्य हे चांगलेच, मात्र ते सर्वोच्च नव्हे. हेतू शुद्ध असेल, कारण पुरेसे असेल आणि जिवाला अवाजवी धोका नसेल, तर अशी शस्त्रक्रिया निषिद्ध नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. संत ऑगस्टीन यांनी तर ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात पुनरुत्थानाच्या संदर्भात लठ्ठ आणि कृश माणसांना चक्क धीर दिला आहे, की स्वर्गात आपला बांधा नकोसा असेल अशी भीती त्यांनी बाळगू नये. सेमिनरीत हे पान मी परीक्षेपुरते वाचून उलटले होते. त्याच प्रकरणात ते म्हणतात, की हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा कदाचित तेथेही दिसतील, पण व्यंग म्हणून नव्हे, सन्मान म्हणून.

तिला मी एवढेच कळवले, की यात पाप नाही. निर्णय पतीशी बोलून घ्यावा. २०२४ साली तिची ती शस्त्रक्रिया झाली. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत व्रण राहिला आहे, पण पुरळ थांबले, असे तिने सांगितले. आदल्या रविवारी मिस्सानंतर मी तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली होती. ती तिसऱ्या बाकावरच बसली होती.

मी स्वतः शस्त्रक्रिया केलेली नाही. पावडर आणि सुती गंजीफ्रॉक यांवर माझे भागते. पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपले व्रण दाखवले. ते लपवले नाहीत. सॅक्रिस्टीत आरसा आहे. हल्ली मी दिवा मालवत नाही. आणि खादाडपणावर बोलायची वेळ आली, तर आधी तिसऱ्या बाकाकडे पाहतो.